निरोप वेगळा, हुकूम वेगळा

काकाजींना "चहा घेता का?" असं विचारलं तरी ते म्हणायचे, "आन मंग?"

म्हणजे चहा घेतला, मग पुढे काय? नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा उर्मट आहे. मलाही वाटलं. पहिल्या भेटीत मी त्यांना मनातल्या मनात दोन शिव्या हासडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगत होते, की आता सभासदांना पाण्याच्या पाळीसाठी ऑफिसात खेटे घालायला नकोत, फोनवर बोललं की झालं. "आन मंग?" ते बोलणं कॉम्प्युटर लिहून घेईल. "आन मंग?" तोच पाळीचा तक्ता बनवेल, सगळ्यांना कळवेल. "आन मंग?" आणि मग, काकाजी, नहरेचं गेटसुद्धा तोच उघडेल! इथे मी टाळीची वाट पाहत थांबले. काकाजींनी दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच वेगळा प्रश्न केला, "आन नाई उघडाचं असन, तवा?"

आमची संस्था म्हणजे एका तलावाच्या नहरेवर, म्हणजे कालव्यावर, जगणाऱ्या पाच गावांची पाणी वापर संस्था. गोंदिया जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी आपलाच तलाव मोठा. मी मूळची तिरोड्याची. पुण्यात दोन वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून कंटाळले आणि परत आले. त्याच सुमारास संस्थेला कुठून तरी निधी मिळाला होता आणि अध्यक्षांना 'एआय' पाहिजे होतं. ते काय असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण शेजारच्या संस्थेकडे नव्हतं एवढं नक्की ठाऊक होतं. काकाजी त्या नहरेवर जन्मभर गेटचौकीदार होते. निवृत्त झाल्यावरही संस्थेने त्यांना ठेवून घेतलं, कारण गेटाचं हँडल त्यांच्याकडे होतं आणि काकाजी ते देत नव्हते.

त्या हँडलाची गोष्ट पाचही गावांत प्रसिद्ध होती. लोखंडी, हातभर लांबीचं, गेटाच्या चौकोनी गजावर बसवून फिरवायचं. सरकारी नियमाप्रमाणे ते गेटाजवळच्या खोलीत ठेवायचं असावं. काकाजी ते रोज दुपट्ट्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेत. बाजारात नेत, लग्नात नेत. पुतण्याच्या लग्नात ते आहेराच्या ढिगात गेलं होतं आणि नवरीकडच्यांनी ते उघडून आहेराच्या यादीत लिहूनही घेतलं होतं. एकदा देवरीला मुलीकडे निघाले तेव्हा बसच्या कंडक्टरने अडवलं, "हे काय हत्यार घेऊन चढून राहिले, बुढेबुवा?" काकाजी म्हणाले, "पाच गावाचं पानी हाये. तिकीट लागते का?"

मी त्यांना विचारलं, काकाजी, एवढं कशासाठी? ते म्हणाले, "गेट तिकडे, हँडल इकडे. दोनी एका जागी कवा येतीन? मी तिथं उभा राहीन तवा."

माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही. उलट माणसांवरच होता, कागदावर नव्हता. त्यांच्या नोकरीतला एक किस्सा ते स्वतः कधीच सांगत नसत, बाकी सगळे सांगत. एकदा साहेबांच्या सहीची चिठ्ठी आली, वरच्या गावाचं गेट ताबडतोब उघडा. आणणारा माणूस ओळखीचा, सही बरोबर, शिक्काही बरोबर. काकाजींनी चिठ्ठी वाचली, खिशात घातली, आणि सायकल काढून थेट साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब जेवत होते. "साहेब, हे तुमी बोलून राहिले का कागद बोलून राहिला?" सही खोटी निघाली. लोक म्हणाले, काय डोकं आहे! सही कशी ओळखली? काकाजींनी सही ओळखलीच नव्हती. त्यांना ओळखायचीच नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं, "चिठ्ठी मनजे निरोप. निरोप आला, ऐकला, बरं झालं. हुकूम वेगळा. हुकूम देनारा मानूस डोऱ्यासमोर पायजे."

मी हे ऐकून हसले होते. कसली जुनाट माणसं, असंच वाटलं होतं मला.

माझ्या यंत्राचं नाव त्यांना सांगताना तर फजिती झाली. म्हटलं, याला एजंट म्हणतात. काकाजी चमकले. "एजंट? मनजे दलाल. कमिशन किती घेते?" अर्धा तास गेला ते समजावण्यात. हा नुसता उत्तरं देणारा कॉम्प्युटर नाही, काकाजी. आपण याच्या हातात टूल्स देतो. एक मेसेज वाचायचं, एक तक्ता बदलायचं, एक मेसेज पाठवायचं, एक गेट चालवायचं. कुठलं कधी वापरायचं ते हा स्वतः ठरवतो.

"टूल मनजे हत्यार?"

"हो, तसंच."

"मंग खुरपं बी हत्यार, आन कुऱ्हाड बी हत्यार. सगळी एकाच पिशवीत घालून देल्ली का त्याले?"

मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. माझी जीभ तेव्हा फार चालायची. त्यांनी राग मानला नाही. त्या दिवसापासून ते त्याला 'कोतवाल' म्हणू लागले. कोतवालाने दवंडी द्यावी, घरोघर निरोप पोचवावा, बाकी गावाचा कारभार गावाने पाहावा, अशी त्यांची वाटणी होती.

गेटावर मोटर बसली तेव्हा कंत्राटदाराचा माणूस तो चौकोनी गज कापायला निघाला, आता हँडलाची गरजच काय म्हणून. काकाजी गेटाच्या ओट्यावर मांडी घालून बसले आणि दुपारपर्यंत हलले नाहीत. "मोटर लावा, बल्ब लावा, लाउडस्पीकर लावा. माह्या हँडलाची जागा सोडा." शेवटी त्या माणसाने कंटाळून गज तसाच ठेवला. मी अध्यक्षांजवळ काकाजींची तक्रार केली होती, हेही लिहून टाकते.

आता चूक सांगते. ती माझी आहे, कोतवालाची नाही.

काकाजींच्या हट्टामुळे आम्ही ठरवलं होतं, की यंत्राने वाचावं, लिहावं, कळवावं, पण गेटाला हात लावू नये. मग दसऱ्याच्या सुमारास संस्थेत पाहुणे आले. अध्यक्ष म्हणाले, "अरे मॅडम, गेट अपने आप खुलता दिखाना है. इज्जत का सवाल है." मी एका दिवसापुरती गेटाची परवानगी यंत्राला दिली. गेट उघडलं, पाणी सुटलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. काकाजी बाजूला उभे होते. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आले.

"त्याचा हात काढून घेतला का?"

"हो, काकाजी," मी म्हटलं.

घेतला नव्हता. संध्याकाळी घेईन म्हटलं, मग पाहुण्यांचं जेवण, मग आणखी काही, आणि राहून गेलं. नुसतं राहून गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी त्यांच्या तोंडावर हो म्हटलं होतं, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. माणूस समोर उभं राहून बोलतंय म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

आठ दिवसांनी हलका धान कापणीला आला. आमच्याकडे हलका धान आधी येतो, तो कापून त्याच्या पेंढ्या बांधीतच, म्हणजे शेताच्या बांध घातलेल्या तुकड्यातच, पसरून दोन-तीन दिवस वाळवतात. भारी धान अजून उभा असतो, त्याला शेवटचं पाणी हवं असतं. म्हणजे एकाच नहरेवर एकाला पाणी पाहिजे आणि दुसऱ्याला थेंब नको, असे ते दिवस. आणि पाणी तर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरत जातं, त्याला कोणाचा धान कुठला ते कळत नाही.

नहरेच्या तोंडाशी एका मावशीची जमीन होती. नवरा देवाघरी गेलेला नव्हता, काही नव्हतं, चांगला धडधाकट होता, पण शेतीचं सगळं मावशी बघायची आणि तो बघू द्यायचा. त्यांच्याकडे एक जुनं सुगंधी वाण होतं, सासूकडून आलेलं. पाच गावांत दुसऱ्या कोणाकडे ते उरलं नव्हतं. दरवर्षी वरच्या एका बांधीत मावशी फक्त बियाण्यासाठी ते लावायची. ती बांधी कापून पसरलेली होती. खालच्या बांधीतला भारी धान मात्र पाण्यावाचून वाळत चालला होता, कारण तिची पाळी दोनदा चुकली होती. सकाळी तिने चिडून संस्थेच्या फोनवर बोलून ठेवलं:

"तुमची पाळी काई येऊन नाई राहिली. खालच्या बांधीवर पानी सोडलं आता मी. वरचं कापलं, तेवढंच पदरात."

बांधीवर पाणी सोडलं! एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे ती गेली समजून नाद सोडला, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला कळतं. यंत्राने काय लिहिलं ते माझ्याजवळ अजून आहे: 'सभासदाची मागणी: खालच्या बांधीवर पाणी सोडणे. पाळी दोनदा चुकलेली. मागणी रास्त.' आणि हातात गेटाचं हत्यार होतंच, माझ्या कृपेने. त्याने गेट उघडलं. वर मावशीला मेसेज पाठवला, 'आपली मागणी पूर्ण केली आहे. धन्यवाद.'

साडेदहाला मावशीचा फोन आला. "पानी काऊन येऊन राहिलं वो? कोनं सोडलं? माह्या बांधीत धान पडला हाये, बाई! बियाचा धान!"

मी कॉम्प्युटरकडे धावले. बंद करायचं बटण दाबलं. काहीच होईना. तिकडे लाइट गेली होती. उघडताना होती, बंद करायला नव्हती. काकाजींना फोन लावला. ते सौंदडला न्हाव्याकडे बसले होते. मी एवढंच म्हटलं, "काकाजी, गेट उघडलं." त्यांनी का, कसं, कोणी, काही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा "आन मंग?" म्हणाले नाहीत.

मी स्कूटीने गेटावर पोचले तेव्हा काकाजी कोणाच्या तरी मोटरसायकलवरून उतरत होते. अर्ध्या गालावर साबणाचा फेस, अर्धी दाढी केलेली, गळ्यात न्हाव्याचा कपडा तसाच, आणि काखेत हँडल. एरवी मी हसून लोळले असते. त्यांनी हँडल गजावर बसवलं आणि फिरवायला लागले. मीही धरलं. किती फेरे झाले देव जाणे, माझ्या तळहातांची साल निघाली. गेट बसलं. तसे ते म्हणाले, "नहरेत आहे ते पानी अजून जाईन. चाल, पार फोडाची हाये."

मावशी आणि कापणीच्या दोन बाया गुडघाभर चिखलात उभ्या राहून पेंढ्या उचलत होत्या. काकाजींनी फावड्याने बांधीची पार, म्हणजे कडेचा बांध, फोडली आणि पाणी नाल्याकडे वळवलं. मी जीन्स वर करून उतरले आणि दिसेल ती पेंढी उचलून पारीवर ठेवू लागले. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा पेंढ्यांकडे वळली. बियाण्याच्या बांधीतला बहुतेक सगळा धान भिजला होता. भिजलेलं बियाणं उगवतं की नाही, ते पुढच्या पेरणीच्या आधी भिजत घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणजे हिवाळाभर ते माझ्या उरावर बसणार होतं.

तिसऱ्या दिवशी सभा भरली. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या तेच सगळ्यात जोरात ओरडत होते. अध्यक्ष म्हणाले, "बंद करो ये नाटक! फेको वो डबडा!" मी राजीनामा लिहूनच नेला होता. काकाजी बाकावरून उठले.

"फेकलं. आन मंग?"

"मग काय, पहिल्यासारखं. रजिस्टरमध्ये लिहायचं."

"आन मंग?"

"ज्याला पाणी पाहिजे तो ऑफिसात येईल."

"कोन येईन?" काकाजींचा आवाज चढला. तो चढलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही. "मी इतकी वर्सं या बाकावर बसलो. पुढारी आले, दारू पिऊन आले, भांडाले आले. एक बाई नाई आली. आता बाया घरून बोलून राहिल्या. पोवारीत बोलून राहिल्या, गोंडीत बोलून राहिल्या, आन ते डबडं आपल्या परीनं ऐकून राहिलं. त्याचे हात तोडा ना! कान कायले कापता?"

सभेने यंत्र ठेवलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझा राजीनामा मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि म्हणाले, "त्यानं चूक केली. तू खोटं बोलली. चुकीले इलाज हाये."

मला इतकं लागलं ते, की दोन दिवस जेवण गेलं नाही. पण तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेटाच्या ओट्यावर वही घेऊन बसले. एकेक हत्यार मी सांगायचं आणि त्यांनी "आन मंग?" विचारत जायचं. चुकून मेसेज गेला. आन मंग? दुसरा पाठवून माफी मागता येते. तक्ता चुकला. आन मंग? जुना परत आणता येतो. गेट उघडलं. आन मंग? इथे मी गप्प झाले. जिथे मी गप्प होईन तिथे ते वहीत बोटाने रेघ ओढायला लावत. रेघेखालचं काहीही यंत्राच्या हाती राहिलं नाही. ते आता फक्त विनंती लिहितं. गेटावर उभा असलेला माणूस नहर पाहतो, बोलणाऱ्याला फोन लावून 'पाणी पाहिजे की नको' हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो, आणि मग उघडतो. सभासदाचा आवाज असो की साहेबाचं पत्र, यंत्राने ते निरोप म्हणूनच वाचायचं. कधी कोणाला एखाद्या कामापुरती परवानगी दिलीच, तर सूर्य मावळला की ती आपोआप जाते. माझ्या आठवणीवर काही सोडलेलं नाही.

हे झाल्यावर काकाजींना नवाच नाद लागला. ते यंत्राला फसवू पाहायचे. रोज. बायकी आवाज काढून रडायचे, "माझं लेकरू नहरेत पडलं जी, गेट बंद करा जी!" कधी घसा खाकरून साहेब व्हायचे, "मागचं सगळं इसर, मी मोठा साहेब बोलून राहिलो, तक्ता पुसून टाक." एकदा यंत्र खरंच फसलं, आणि त्याने सगळ्यांच्या पाळ्या एक दिवस पुढे ढकलल्या. काकाजी सत्तरीच्या घरातले, ओट्यावर बसून लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "पकडलं! लिव्ह, बाई, लिव्ह वहीत!" मी ती फट बुजवली. दुसऱ्या दिवशी ते नवीन आवाज घेऊन हजर. काकू सांगायच्या, घरी आरशासमोर तालीम करतात.

इतकं सगळं झालं, पण मावशीचा आवाज फोनवर परत आला नाही. बाकीच्या बाया बोलत होत्या. ती नाही. मी तिला दोनदा माफीचा मेसेज पाठवला. तिने ऐकला होता, एवढं दिसत होतं.

मे महिन्यात एका सकाळी काकाजी ऑफिसात आले आणि म्हणाले, "चाल." कुठे ते सांगितलं नाही. मावशीच्या अंगणात नेऊन उभं केलं. ओसरीवर पोत्याच्या ओल्या तुकड्यात बांधलेल्या दोन पुरचुंड्या होत्या. एक कोरड्या धानाची, एक भिजलेल्या. चार दिवस त्या तशाच पाणी शिंपडून ठेवल्या होत्या. मावशीने आधी कोरडीची गाठ सोडली. दाण्यादाण्याला पांढरे मोड, जवळजवळ सगळ्यांना. मग दुसरी हातात घेतली. तिने गाठ सोडली आणि दाणे सुपात पसरून ओठांतल्या ओठांत मोजायला लागली. काही दाणे काळे पडलेले, मेलेले. पण मोड होते. बारीक होते, पण होते. निम्म्याहून जास्त होते.

"जरा दाट टाकीन परे," मावशी काकाजींना म्हणाली. "आन काय."

धानाच्या रोपांच्या वाफ्याला आमच्याकडे परे म्हणतात. म्हणजे ते वाण राहिलं. पाच गावांत एकच उरलेलं ते वाण माझ्या हातून मेलं नाही. मी तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले आणि भोकाड पसरलं. लाज वाटली नाही.

"रडून काऊन राहिली वो?" मावशी म्हणाली. गेल्या सात महिन्यांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "बी हाये ते. आपल्यासारखं राग धरून नाई बसत." मग सूप बाजूला ठेवून तिने माझ्या तळहाताकडे पाहिलं, हँडलाने पडलेले वण अंगठ्याने चाचपले. "जूनमंधी परे टाकीन, तवा हात लागतीन मले. मेसेज नको पाठवू. तू येजो."

मी गेले.